दोष वैमानिकांच्या माथी मारू नका

वैमानिकांच्या हट्टापायी विमान कंपन्या बुडतात आणि दोन कंपन्यांचं विलीनीकरण झालं की सगळं मार्गी लागतं, असं एक मत वाचलं. मला ते अजिबात पटलं नाही.

गो फर्स्ट या विमान कंपनीने 2 मे 2023 ला दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा बोट दाखवलं ते प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांकडे. यात वैमानिकांचा हट्ट कुठे आला? जानेवारी 2025 मध्ये ती कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडायची वेळ आली.

माझा भाचा पर्वरीचा, अशाच एका बुडालेल्या कंपनीत को-पायलट होता. तीन पट्ट्यांचा इस्त्रीचा शर्ट कपाटाला टांगलेला आणि टेबलावर प्रशिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्याची नोटीस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पगार थकलेला, वर 90 दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत तर पुन्हा सिम्युलेटरवर, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, जावं लागतं. हे पोर हट्ट कसला करणार?

आता विलीनीकरण. खरी ठिणगी पडते ती ज्येष्ठतेच्या यादीवरून. कॅप्टन कोण आधी होणार, मोठ्या विमानावर कोण जाणार, सगळं त्या यादीवर ठरतं. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एक झाल्या. ड्रीमलायनर या नव्या मोठ्या विमानाचं प्रशिक्षण कोणाच्या वैमानिकांना, यावरून 2012 मध्ये 58 दिवसांचा संप झाला. पाच वर्षं धुमसत होतं ते! एअर इंडियात विलीन होणाऱ्या विस्तारा कंपनीचे वैमानिक 2024 मध्ये चिडले, कारण विलीनीकरणापूर्वी नव्या वेतनरचनेत महिन्याला पगाराची हमी असलेले उड्डाणाचे तास 70 वरून 40 वर आणले. घर चालवणाऱ्या माणसाने यावर गप्प बसायचं का?