मदत हवी आहे: हरणाच्या शिकारीसाठी .३०८ ची कुठली गोळी घेऊ? (मिनेसोटा, पहिलंच वर्ष)

बर्फातला_सांगलीकर

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, मी सांगलीचा. आमच्या घरात डासाखेरीज कुणी काही मारलेलं नाही. मिनेसोटात अकरा वर्षं झाली, पण नोव्हेंबर उजाडला की ऑफिसातले निम्मे लोक नारिंगी टोप्या घालून गायब होतात, शिकारीशी माझा संबंध एवढाच. यंदा शेजारचे आजोबा म्हणाले, "माझे गुडघे आता मचाणावर चढू देत नाहीत, तू चल, हरीण ओढायला तरी होशील." ब्रेनर्डच्या उत्तरेला त्यांची चाळीस एकर जागा आहे. सेफ्टीचा कोर्स केला, लायसन्स काढलं. त्यांची जुनी बोल्ट अ‍ॅक्शन .३०८ रायफल त्यांनी वापरायला दिली.

इथपर्यंत ठीक. मग दुकानात गेलो आणि काडतुसांच्या फळीसमोर उभा राहिलो. बायको "डाळ आणा" म्हणते, कुठली ते सांगत नाही, तेव्हा वाण्याकडे जसा होतो तसा झालो. १५० ग्रेन (हे गोळीच्या वजनाचं माप), १६५, १६८, १८०. सॉफ्ट पॉइंट, प्लॅस्टिकच्या टोकाच्या, बाँडेड, मॅच, निव्वळ तांब्याच्या. शेवटी सगळ्यात स्वस्त खोका उचलला, १४७ ग्रेन, त्यावर एफएमजे लिहिलेलं. आजोबांनी तो पाहिला आणि काही न बोलता स्वतःच्या खिशात टाकला. "हे डबे फोडायला," एवढंच म्हणाले.

तर प्रश्न असा, की वजन किती घ्यावं? जंगल दाट आहे, मचाणावरून सगळ्यात लांबची मोकळी जागा सव्वाशे पावलांवर. आणि खरा घोळ पुढे आहे. गोळीतल्या शिशाचे कण मटणात राहतात असं बायकोने कुठेतरी वाचलंय. मुलगी चार वर्षांची आहे. आजोबा म्हणतात, पन्नास वर्षं शिशाच्याच गोळ्यांची हरणं खातोय, मला काय झालं? आता दोघांपैकी कुणाला नाराज करू?

सीझन उघडायला साडेतीन आठवडे आहेत.

मचाणकर

आजोबांनी खोका काढून घेतला ते उत्तम केलं. एफएमजे म्हणजे शिशाच्या गाभ्यावर पूर्ण तांब्याचं कवच. ती आत शिरल्यावर फुलत, म्हणजे पसरत नाही, दाभणासारखी आरपार जाते. जनावर पळतं, मैलभरावर जाऊन मरतं, आपल्याला सापडत नाही. मिनेसोटाच्या नियमांतही हरणासाठी सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची) किंवा फुलणारीच गोळी लागते, म्हणजे चालेल की नाही हा प्रश्नच नाही.

यात एक गंमत आहे. फुलणाऱ्या गोळीला जुने लोक 'डमडम' म्हणतात ना, ते नाव कोलकात्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यावरून पडलं. १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी तिथे मऊ टोकाची गोळी बनवली, आणि १८९९ च्या हेगच्या परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरायला बंदी घातली गेली. म्हणजे माणसावर युद्धात जी चालत नाही, तीच हरणावर सक्तीची. ऐकायला विचित्र आहे, पण हेतू जनावर जागच्या जागी पडावं हाच.

'मॅच' लिहिलेलं घेऊ नका. तिच्या टोकाला भोक दिसतं म्हणून लोक फुलणारी समजतात. ते भोक गोळी बनवण्याच्या पद्धतीमुळे उरतं, ती कागदी निशाण्यासाठी असते.

वजनाचं फार मनावर घेऊ नका. .३०८ आली १९५२ साली, तेव्हापासून १५० ग्रेनच्या साध्या सॉफ्ट पॉइंटने किती हरणं पडली असतील याची मोजदाद नाही. १६५ घेतलीत तरी हरणाला फरक कळणार नाही. १८० मूस किंवा एल्कसारख्या मोठ्या जनावरांसाठी ठेवा, उगीच खांद्याला जास्त लाथ बसते. सव्वाशे पावलांत कुठलीही बरी फुलणारी गोळी काम करते. रेमिंग्टनची कोर-लॉक्ट १९३९ पासून बाजारात आहे, अजून खपते, यात काय ते समजा.

शिशाचं दुसऱ्या कुणीतरी बोलावं. मी पंधरा वर्षं तेच वापरलं, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती नाही.

गुंजभर

ग्रेनवरून आठवलं. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा तसाच ठरवला होता. बारा माशांचा तोळा, म्हणून मासा पंधरा ग्रेनचा. १५० ग्रेनची गोळी दहा मासे, १६५ ची अकरा मासे. आजीच्या पाटल्यांवरून हिशेब करा, लगेच हातात वजन येतं.

माहितीचा उपयोग शून्य आहे, मला माहीत आहे.

निवांत_पुणेकर

हौसेखातर हरीण मारायचं आणि वर मराठीत सल्ला मागायचा? भारतात १९७२ च्या कायद्याने हे गुन्हा आहे म्हटलं.

मचाणकर

भारतात आहेच, आणि असायलाच हवा. इथे लांडगे थोडे नि हरणं उदंड, किती मारायची ते राज्य दरवर्षी विभागवार ठरवतं. पटत नसेल तर त्याचा आदर आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे माणसाने गोळी विचारली आहे.

एच१बी_ते_जीसी

सांगलीकर, ग्रीन कार्ड आहे ना? एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. वैध शिकारीचं लायसन्स असेल तर सूट मिळते. माझ्या व्हिसाच्या काळात मी लायसन्सची प्रत नेमबाजीच्या सरावाला रेंजवर जातानासुद्धा खिशात ठेवायचो, मित्र हसायचे. हसू देत.

बर्फातला_सांगलीकर

ग्रीन कार्ड आहे, धन्यवाद. हे कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं, तिथे सगळे इथेच जन्मलेले.

गुंजभर, बायकोला तोळ्याचं सांगितलं. म्हणाली, तेवढ्या वजनाचं दुसरं काहीतरी आणता आलं असतं.

खिमा_स्पेशालिस्ट

मी शिकार करत नाही. नवरा करतो, मटण मी कापते, त्यामुळे शिशाचं मी सांगते.

तुमच्या पत्नी बरोबर आहेत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात अन्नदानासाठी आलेल्या हरणाच्या खिम्याचे एक्स-रे काढले, त्यात धातूचे कण निघाले, आणि ते मटण वाटू नका असं सांगण्यात आलं. त्याच वर्षी मिनेसोटाच्या डीएनआरने (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) मेंढ्यांच्या मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिलं. झटकन फुलणाऱ्या शिशाच्या गोळीचे कण जखमेपासून फूटभर लांबपर्यंत सापडले. बरेचसे इतके बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत आणि दाताखाली कळत नाहीत. आपण मटण धुतो ना, त्याने कण जातील असं वाटतं. उलट पाण्याबरोबर ते आणखी पसरतात.

मी स्वतः काय बघितलं ते सांगते. चार वर्षांपूर्वी खांद्याचा तुकडा साफ करत होते. जखमेपासून वीतभर लांब, एकदम स्वच्छ लाल मांस. सुरीच्या पात्याला काहीतरी कचकन लागलं. हाड वाटलं. बोटावर घेतलं तर राईच्या दाण्याएवढा करडा खडा, नखाने दाबला तर दबला. हाड दबत नाही. त्या दिवशी तो अख्खा खांदा फेकला आणि नवऱ्याला म्हटलं, पुढच्या वर्षी तांब्याची गोळी आणा, नाहीतर चुलीपाशी तुम्ही उभे राहा.

आजोबांना काही झालं नाही हे खरं असेल. मोठ्या माणसाच्या अंगात शिसं गेलं तर लगेच काही दिसत नाही. चार वर्षांच्या पोरीची गोष्ट वेगळी, तिचा मेंदू अजून वाढतोय आणि मुलांचं शरीर शिसं जास्त शोषतं. त्यांच्याशी वाद घालून जिंकायला जाऊ नका. "पोरीसाठी" एवढंच म्हणा. कुठलेही आजोबा त्यापुढे बोलत नाहीत.

आणि जंगलात आपण जो कोथळा टाकून येतो तो गरुड खातात. मिनेसोटा विद्यापीठाच्या रॅप्टर सेंटरमध्ये (शिकारी पक्ष्यांचा दवाखाना) शिशाची विषबाधा झालेले टकले गरुड दरवर्षी येतात.

मचाणकर

खिमाताईंनी माझी विकेट काढली. बरं, तांब्याची घ्यायची तर नीट समजून घ्या.

ही गोळी अख्खी तांब्याची. टोकाला पोकळी असते, आत शिरली की नाक चार पाकळ्यांत उघडतं आणि बाकीची गोळी शाबूत राहते. वजन जवळपास सगळं टिकतं, म्हणून मटणात कण जवळपास नाहीत. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून तांब्यात थोडं खाली उतरा: १६५ चा विचार असेल तर १५०, १३० सुद्धा चालते. पाकळ्या उघडायला वेग लागतो, बहुतेकांना सेकंदाला १८०० ते २००० फूट. १५० ग्रेनची .३०८ नळीतून साधारण २८०० ने सुटते, तुमच्या सव्वाशे पावलांवर चिंताच नाही.

बार्न्सची टीटीएसएक्स, हॉर्नडीची सीएक्स, फेडरलची ट्रॉफी कॉपर, कुठलीही घ्या. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे, त्यामुळे आता माल भरपूर मिळतो. महाग आहे, हे मात्र खरं. पण शिकारीला लागते एक गोळी, फार तर दोन.

घरातल्या बंदुकीला कुठली आवडते हे बंदूकच सांगते. दोन वेगळे खोके घ्या. आधी नळी नीट साफ करा, जुना थर राहिला तर तांब्याच्या गोळ्या वाकड्यातिकड्या जातात. मग प्रत्येकी तीन-तीन मारून बघा.

बर्फातला_सांगलीकर

रेंजवरून आलो. खांदा निळा झालाय.

दोन कंपन्यांचे १५० ग्रेनचे तांब्याचे खोके नेले होते. पहिल्याच्या तीन गोळ्या शंभर यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत पसरल्या. दुसऱ्याच्या तिन्ही चहाच्या बशीच्या मधल्या खळग्यात बसतील इतक्या जवळ. त्याच बंदुकीत, त्याच माणसाकडून! शिवाय दोन्हींचा मारा एकमेकांपासून तीन इंच सरकलेला. म्हणजे एका खोक्यावर दुर्बीण जुळवली आणि सीझनला दुसरा खोका नेला, तर मी नेम धरलेल्या जागी गोळी जाणारच नव्हती. हे आधी कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

मग आजोबांनी एक खेळ केला. काडतूस मी भरायचं नाही, ते भरून बंदूक हातात देणार. कधी खरं, कधी रिकामं. तिसऱ्यांदा चाप ओढला, नुसताच टिक असा आवाज, आणि नळीचं तोंड चक्क दोन बोटं खाली गेलं. धक्का बसायच्या आधीच मी घाबरून बंदूक दाबत होतो. आजोबा म्हणाले, "गोळी कुठली घ्यायची ते महिनाभर विचारतोयस. हे कुणाला विचारलंस?"

मचाणकर

आजोबांना माझा नमस्कार सांगा. आता रोज संध्याकाळी रिकाम्या बंदुकीवर दहा वेळा चाप ओढा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची आणि नळी सुरक्षित दिशेला. नेम पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागात, जनावर आडवं उभं असताना. जागा नाश्त्याच्या बशीएवढी असते. समोरून तोंड करून उभं असेल तर थांबा. गोळी लागली तरी अर्धा तास मचाणावरून उतरू नका, लगेच मागे गेलात तर ते आणखी पळतं.

खिमा_स्पेशालिस्ट

आणि ज्याच्या गोळ्या तळहाताएवढ्या पसरल्या तो खोका रेंजवर संपवा, सीझनला चुकून खिशात जाऊ देऊ नका. आमच्याकडे झालंय.

बर्फातला_सांगलीकर

अपडेट. शनिवारी पूर्ण दिवस मचाणावर बसून फक्त खारी पाहिल्या. खार पाचोळ्यातून धावते तेव्हा हत्ती आल्यासारखा आवाज येतो, हे कोर्समध्ये शिकवायला हवं.

रविवारी सकाळी पावणेआठला लहान नर आला, शिंगांना सहा टोकं. साठ पावलांवर आडवा उभा राहिला. मी श्वास सोडला, चाप ओढला, आणि नळी खाली गेली नाही. तो उसळला, चाळीसेक पावलं धावला आणि बर्चच्या झाडांमागे पडल्याचा आवाज आला. अर्धा तास मोजला. माझे हात इतके थरथरत होते की थर्मासचं झाकण उघडेना. नंतर बर्फावर रक्ताचा माग एवढा स्पष्ट होता की आजोबा गाडीजवळूनच म्हणाले, "त्या तिकडे."

गोळी आरपार गेली होती. आत शिरल्याचं भोक करंगळीएवढं, बाहेर पडल्याचं अंगठ्यापेक्षा मोठं. फासळ्यांलगत थोडं मांस रक्ताळलं, खांदे दोन्ही स्वच्छ. आजोबांनी खांदा उलटासुलटा करून बराच वेळ पाहिला. काही बोलले नाहीत. परत येताना दुकानापाशी गाडी थांबवायला लावली आणि स्वतःच्या .३०-०६ साठी तांब्याचा एक खोका घेतला.

त्या काउंटीत २०१९ मध्ये जंगली हरणात सीडब्ल्यूडी (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) सापडला होता, म्हणून तपासणीला सॅम्पल दिलंय. त्या रोगाचं कारण शिजवून मरत नाही, तेव्हा निकाल येईपर्यंत फ्रीझर उघडायचा नाही असा घरचा हुकूम आहे. खिमाताई, चरबी अगदीच नाही हो या मटणाला. रश्शाला तेल किती धरू?

खिमा_स्पेशालिस्ट

बकऱ्याच्या दीडपट. आणि शिट्ट्या कमी, नाहीतर चामडं होतं.