भुसावळचं ऊन सोडून गुहागरला भाड्याने राहावं का? माझं मत: राहावं

जंक्शनकर, भुसावळ

यंदा रेल्वेतून निवृत्त झालो. मुलं पुण्याला, घरात आम्ही दोघं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सकाळी दहानंतर बाहेर पडायची सोय नाही आणि रात्री अकराला भिंतीला हात लावावा तर ती तापलेलीच. सगळी नोकरी कूलरसमोर झोपून काढली, आता पुरे.

माझं म्हणणं असं की समुद्रकाठी राहायचं असेल तर घर विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावं. कोकणात एकेका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, किनाऱ्यालगत बांधायचं तर सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची) कटकट, आणि घेतलेलं घर बंद ठेवलं की वाळवीचं. त्यापेक्षा गुहागरला समुद्राच्या अंगाला दोन खोल्या अकरा महिन्यांच्या करारावर घ्यायच्या, नाही जमलं तर बोचकं उचलून परत. भुसावळचं घर भाड्याने दिलं की तिकडचं भाडं त्यातूनच सुटेल. विरोधी मतं जरूर मांडा. फक्त "आपलं गाव ते आपलं गाव" एवढ्यावर भागवू नका.

गिरणाथडी, चाळीसगाव

काका, तुम्हाला समुद्र हवा मे महिन्यात आणि तिथल्या घरमालकाची कमाईसुद्धा मे महिन्यातच. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी, एवढ्यावर त्याचं वर्ष निघतं. एका शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी जे मोजून जातात ते तुमच्याकडून त्याने महिनाभर राहू देऊन घ्यावं, असं तुम्हाला का वाटतं? जून ते सप्टेंबर हसत हसत देतील. एप्रिल उजाडला की "काका, पंधरा दिवस गावी जाऊन या ना" सुरू.

दुसरं, ऊन कमी म्हणजे सुख जास्त, हा आपला खान्देशी भ्रम आहे. तिथे पारा ३३ वर थांबतो, पण घाम वाळत नाही. आपल्याकडचं ऊन जाळतं, सावलीत आलं की सुटका. तिथे सावलीतही सदरा अंगाला चिकटलेला. आणि तुमचा तो कूलर इथेच ठेवून जा, दमट हवेत तो फक्त आवाज करतो.

जंक्शनकर, भुसावळ

भो, मी मे महिना हॉटेलसारखा घालवायला नाही चाललो. बारा महिने राहणारा भाडेकरू मालकालाही हवाच असतो. पावसाळ्यात त्याचं घर कोण सांभाळतं?

साधा गुरुजी, अमळनेर

इथे अनुभवाचं बोलतो. मी गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो, आंतरजिल्हा बदलीने परत आलो. आपल्याकडचे कितीतरी शिक्षक रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहेत आणि बहुतेक भाड्यानेच राहतात, म्हणून हा प्रश्न आम्हाला तोंडपाठ.

आमचा मालक ठाण्याला. भाडं बारा महिन्यांचं घ्यायचा. पण आम्ही सुट्टीला अमळनेरला आलो की त्याचा इथला चुलतभाऊ आमचं सामान मागच्या पडवीत लोटून पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचा. एका जूनमध्ये परत गेलो तर बायकोच्या पोळपाटावर कोणीतरी सुरमई कापलेली. पोळपाट घासला, उन्हात ठेवला (ऊन तरी कुठलं जूनमध्ये), शेवटी टाकून दिला. आम्ही मासे खात नाही असं नाही हो, पण पोळपाटावर?

गणपती ही दुसरी गोष्ट. मालकाच्या घरातला गणपती म्हणजे तुम्ही राहता त्याच माजघरात बसणार. मुंबईहून तिघे भाऊ बायकापोरांसह येणार. करार तुमच्याकडे असला तरी गणपतीला काय नाही म्हणणार? आम्ही पोरांना घेऊन शेजारच्या गुरुजींकडे जायचो. शिमग्याला पालखी दारी येते तेव्हा पुन्हा तेच. माणसं वाईट नव्हती. परत जाताना आमच्या पोरांच्या हातावर मोदक ठेवायची. पण घर त्यांचंच, आपण त्यात दोन सणांच्या मधल्या काळापुरते.

आणि काका, गुहागरात मोठं दुखणं निघालं की चिपळूण. रेल्वे स्टेशन चिपळूणला, मोठा बाजार चिपळूणला. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच पाण्याखाली गेलं तेव्हा आम्ही कोणाच्या भरवशावर होतो ते विचारू नका.

केळीबाग, रावेर

मला वेगळाच प्रश्न पडतो. आपण पेन्शनवाले, घरून काम करणारे, असे बाहेरचे लोक किनाऱ्याच्या छोट्या गावात जाऊन जे मागतील ते भाडं देणार. मग तिथली अंगणवाडी सेविका, नर्स, एसटीचा कंडक्टर यांनी राहायचं कुठे? गुरुजींनाच विचारा, त्यांची दुसरी खोली शाळेपासून किती लांब मिळाली असती. तुम्हाला हवा म्हणून समुद्र, त्यांना तिथे नोकरी आहे. पर्यटकाने दोन दिवस राहून जावं हे परवडलं, पण घर अडवून बसू नये.

एरंडोलची लेक, दापोलीची सून

केळीबाग दादा, तुमचं म्हणणं जळगावातून ऐकायला बरं वाटतं. इथे येऊन बघा. आमच्या वाडीत एकाआड एक घराला कुलूप. मालक बोरिवली, विरार, डोंबिवलीत. घरात चूल पेटत नाही, जमीन सारवत नाही, मग वाशाला वाळवी लागते आणि एका पावसात कोपरा बसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात उडालेली कौलं ज्या घरांत माणूस होता तिथे आधी चढली. बंद घरांत पुढचे कित्येक दिवस पाऊस थेट माजघरात. भाडेकरू म्हणजे घर अडवणारा नव्हे, घर जागं ठेवणारा. सुपारीच्या आख्ख्या बागा आडव्या झालेल्या आम्ही बघितल्या आहेत. ज्यांची बाग गेली त्यांना महिन्याचं बांधील भाडं नकोय असं समजू नका.

तरी जंक्शनकर काकांना मी विरोधच करते, पण वेगळ्या कारणाने. तुम्ही लिहिलंत "आम्ही दोघं". काकूंना विचारलंत का? समुद्र तुम्ही बघणार, बुरशी त्या पुसणार. जुलैत इथे कपडे वाळत नाहीत, दोरीवर तीन-तीन दिवस, आणि वास येतो तो वेगळाच. मिठाचं वारं आहे, गॅसच्या शेगडीचे स्टँड, फ्रिजची मागची जाळी, स्कूटरचा सायलेन्सर, सगळं खातं. मी लग्नानंतर आईकडून बिबडे, कुरडया, तिखट घेऊन आले होते, पहिल्या श्रावणात निम्मं उकिरड्यावर. आता आई थोडंथोडंच पाठवते आणि मी डबा घट्ट बंद करून वरच्या फळीवर ठेवते. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ तर विसराच. ते माहेरून दळूनच आणावं लागतं.

माझं ऐकाल तर किनाऱ्यावर राहूच नका. दापोलीत राहा. गाव उंचावर आहे, हवा जरा बरी, कृषी विद्यापीठामुळे भाड्याने द्यायच्या खोल्यांची सवय आहे लोकांना, उपजिल्हा रुग्णालय गावातच. मुरूड-हर्णैचा समुद्र अर्ध्या तासाच्या आत. संध्याकाळी हर्णैला माशांचा लिलाव बघा आणि रात्री कोरड्या घरात येऊन झोपा.

जंक्शनकर, भुसावळ

काकू शेजारी बसूनच वाचताहेत. "बुरशी त्या पुसणार" हे वाक्य मला मोठ्याने वाचायला लावलं. पण ताई, दापोलीत राहायचं तर मग समुद्र कशाला? खिडकीतून लाट दिसावी एवढीच तर हौस आहे.

गिरणाथडी, चाळीसगाव

खिडकीतून लाट दिसते त्याच खिडकीला पहिलं मीठ लागतं, काका.

नंदुरबारी

तुम्ही सगळे कोकण कोकण काय करून राहिले? आपली तापी कुठे जाते? सुरतेला. खान्देशाचा समुद्र तो. तिथल्या उधना-लिंबायत भागात अर्धा खान्देश नांदतोय, मामा-काका कोणीतरी निघतोच. नंदुरबारहून गाडीत बसलं की थेट सुरत, तिथून वलसाड, तिथून तिथल गावचा किनारा रिक्षाच्या अंतरावर. तुमचं गुहागर म्हणजे कल्याणला उतरा, पनवेल गाठा, कोकणची गाडी पकडा, चिपळूणहून एसटी. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात, हे तुम्हाला मी सांगायचं का? आईला बरं नाही असा फोन आला तर घरी केव्हा पोचाल?

गिरणाथडी, चाळीसगाव

तिथलची वाळू काळी आणि ओहोटीला समुद्र शोधावा लागतो. शिवाय गुजरातेत दारूबंदी. जंक्शनकर काकांचा विचार कोणी केला का?

जंक्शनकर, भुसावळ

माळकरी आहे मी. नंदुरबारी भाऊ, तुमचा मुद्दा मात्र लागला. पासवर फिरायची सवय, पण पास असला तरी वेळ तेवढाच जातो. आणि रेल्वेचा दवाखाना भुसावळला, बीपीच्या गोळ्या तिथूनच मिळतात. हे मी हिशेबात धरलं होतं, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणायच्या. पण दर तीन महिन्यांनी एक फेरी आली.

वकीलसाहेब, धुळे

भावनेचं खूप झालं, थोडं कागदाचं बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का. म्हणजे महिना ६,००० धरला तर अकरा महिन्यांचे ६६,००० आणि मुद्रांक १६५ रुपये, डिपॉझिटमुळे थोडे वर. नोंदणी शुल्क ग्रामपंचायत हद्दीत ५००, शहरी हद्दीत १,०००. घरबसल्या ऑनलाइन होतं. एवढ्यासाठी लोक नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवतात आणि मग रडतात.

दुसऱ्या बाजूने, कलम २४ मालकाच्या कामाचं. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट भाडं लागतं. तेव्हा "एकदा आत गेलो की कोण काढतंय" हा हिशेब जुना झाला.

कोकणासाठी तीन गोष्टी करारात वेगळ्या लिहून घ्या. एक, सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीवर जेवढी नावं तेवढ्यांची संमती. सही ठाण्याच्या भावाची आणि गणपतीत दारात उभा विरारचा भाऊ, असं होतं. दोन, पावसाआधीची शाकारणी (छपराची डागडुजी) कोणी करायची, कौलं-पत्रे फुटले तर खर्च कोणाचा. तीन, भिंतीची बुरशी ही भाडेकरूने केलेली नासधूस धरायची नाही. घर सोडताना डिपॉझिट रंगाच्या नावाखाली कापलं जातं ते इथेच.

साधा गुरुजी, अमळनेर

तिसरा मुद्दा फ्रेम करून लावा. आमचं निम्मं डिपॉझिट रंगात गेलं. आणि चौथा घाला वकीलसाहेब: पाणी. आपल्याला वाटतं तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे पाण्याला काय तोटा. तिथल्या जांभा दगडात पाणी ठरत नाही. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतची विहीर मचूळ होते आणि वरच्या वाड्यांना टँकर. जळगावला नळाला पाणी कधी येणार याची तरी खात्री असते.

केळीबाग, रावेर

एरंडोलच्या ताईंचं बंद घरांचं मला पटलं. पण मग बंद घरं भाड्याने का निघत नाहीत? कारण मालकाला भीती की भाडेकरू बसेल, आणि हौस की मे महिन्यात पर्यटक येतील. म्हणजे घर रिकामं असतं ते आपल्यासाठी नसतंच. काकांनी जावं, पण किनाऱ्याची खोली न अडवता ताई सांगतात तशा आतल्या एखाद्या बंद घरात जावं. मग माझी हरकत नाही.

पोलीस पाटलाचा नातू, यावल

एक राहिलं. तिकडे खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात, मग "मासे-मटण शिजवणार का" विचारतात. गुहागरात एका आळीत नाही म्हणाले, पुढच्या आळीत "शिजवा की, आम्हालाही द्या" म्हणाले.

नंदुरबारी

जळगावात नाही विचारत का? पाटी लावून विचारतात.

वकीलसाहेब, धुळे

जंक्शनकर, तुमच्या भुसावळच्या घराला भाडेकरू मिळाला असेल तर त्याचा करार नोंदवलात का? जबाबदारी मालकाची, वर लिहिलंय.

जंक्शनकर, भुसावळ

साहेब, विषय गुहागरचा चाललाय.

बाकी, ठरलंय असं की मे महिन्यात जायचंच नाही. काकूंची अट आहे, आधी जुलै-ऑगस्टचे दोन महिने राहून बघू, सर्वांत वाईट दिवस असतात तेच. तेवढ्यापुरती खोली कोणी देईल का? ताई, दापोलीही चालेल.

एरंडोलची लेक, दापोलीची सून

देतील. जुलैत पर्यटक कमी असतात, भाड्यात घासाघीस चालते. फक्त गणपतीची तारीख आधी बघा आणि त्याच्या आठ दिवस आधी खोली सोडा. काकूंना म्हणावं, येताना जाड चादरी नका आणू, वाळत नाहीत. कळण्याचं पीठ मात्र दोन किलो जास्तीचं आणा, माझ्यासाठी.