इथिओपियाहून इस्रायलला आलेली कुटुंबं: मुलं पुढे गेली, पण घरातल्या मोठ्यांचं काय?

रामलेकर (धागाकर्ती)

सणानिमित्त आमची इथली, इस्रायलमधली मराठी यहुदी मंडळी जमली होती. गप्पांत एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "चाळीस वर्षं होत आली, तरी इथिओपियाचे लोक अजून या देशात रुळले नाहीत. दोष त्यांच्या घरांतच आहे." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते मुळीच पटलं नाही, आणि सणाच्या दिवशी वाद वाढवायचा नव्हता, म्हणून इथे लिहिते. माझं म्हणणं असं: इस्रायलने या लोकांना आणलं हे मोठंच काम केलं, पण आणल्यावर घरातल्या मोठ्या माणसांचा अधिकार काढून घेतला. पुढची निम्मी दुखणी तिथून सुरू झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे बेटा इस्राएल, इथिओपियातले यहुदी. गोंदर आणि तिग्राय भागातल्या खेड्यांत शेती, लोहारकाम, कुंभारकाम करून राहणारे. १९७३ साली इस्रायलच्या दोन मुख्य रब्बींपैकी (धर्मगुरूंपैकी) सेफार्डी पंथाचे मुख्य रब्बी ओवादिया योसेफ यांनी त्यांना यहुदी म्हणून मान्यता दिली. पुढे हजारो लोक पायी सुदानला निघाले. वाटेत आणि तिथल्या छावण्यांत सुमारे ४,००० दगावले. १९८४ च्या अखेरीस ऑपरेशन मोझेसमध्ये सात-आठ हजारांना सुदानहून विमानाने आणलं. मग मे १९९१ मध्ये ऑपरेशन सॉलोमन: ३६ तासांत अदिस अबाबाहून १४ हजारांहून जास्त माणसं. खुर्च्या काढलेल्या एका जंबो विमानात तर हजारावर माणसं बसवली होती.

आमच्या शेजारचं कुटुंब त्या १९९१ च्या विमानांतलं. घरातले आजोबा तेव्हा चाळिशीचे, गावात तंटे मिटवणारे. अशा वडीलधाऱ्यांना ते श्माग्लोच म्हणतात. नवराबायकोचं बिनसलं, बांधावरून भांडण झालं की गाव त्यांच्या दारात. इथे आल्यावर नोंदणीच्या टेबलावरच त्यांच्या मुलांना हिब्रू नावं मिळाली. मोठा मुलगा बारा-तेरा वर्षांचा, तो धार्मिक निवासी शाळेत गेला. त्या काळी त्यांच्या बहुतेक मोठ्या मुलांना तिकडेच पाठवत. धाकटी घरी राहिली आणि वर्षभरात घराची दुभाषी झाली. बँक असो, दवाखाना असो, वीजबिल असो, बाप तिच्या मागे उभा. शाळेतून तिच्याविषयी तक्रारीची चिठ्ठी आली तरी ती वाचून दाखवणार तीच. अशा घरात बाप मुलीला काय सांगणार, आणि कशाच्या जोरावर?

हे टाळता आलं असतं की नाही, यावर मतं हवी आहेत.

रोखठोक_ठाणे

असहमत. तुम्ही १९९१ चा प्रसंग २०२० च्या मनाने तोलताय. दीड दिवसात १४ हजार माणसं उतरली, त्यांतल्या बऱ्याच मोठ्यांना कुठल्याच लिपीत वाचता येत नव्हतं. सरकारने आधी काय करायचं होतं? घरं, लसी, शाळा, भाषा. निवासी शाळेत मुलगा हिब्रू शिकला, इतरांच्या बरोबरीने सैन्यात जायला तयार झाला. तो खेड्यातल्या रीतीत बापाच्या शेजारी बसून राहिला असता तर आज तुम्हीच धागा काढला असता की सरकारने या मुलांना वाऱ्यावर सोडलं.

आणि निकाल बघा. प्निना तामानो-शाता तीन वर्षांच्या असताना ऑपरेशन मोझेसमध्ये आल्या, वकील झाल्या आणि २०२० साली मंत्री. इथिओपियात जन्मलेल्या पहिल्या मंत्री. एका पिढीत एवढं अंतर कापायचं तर काहीतरी मागे राहणारच. मुलं आईबापांची दुभाषी होतात हे जगातल्या प्रत्येक स्थलांतरित घरात घडतं. त्यात सरकारचा दोष काय?

वाचनवेडी

रोखठोक, एका मंत्र्याच्या उदाहरणावरून दीड लाखाहून जास्त लोकांचा निकाल लावता येत नाही. त्यांच्याच मुलांना २०१५ साली रस्त्यावर का उतरावं लागलं? सैन्याच्या गणवेशातल्या इथिओपियन तरुणाला पोलीस मारताना चित्रफितीत दिसले, म्हणून. म्हणजे हिब्रू आली, सैन्य झालं, सगळं तुम्ही म्हणता तसं केलं, तरी मार चुकला नाही. पुढच्या वर्षी न्याय खात्याच्या महासंचालक एमी पाल्मोर यांच्या समितीने सरकारी यंत्रणेतल्या वंशभेदाची दखल घेऊन सुधारणा सुचवल्या. दोष त्या घरांत होता असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

रोखठोक_ठाणे

पोलिसांनी मारलं ते निषेधार्हच. पण तो वंशभेदाचा मुद्दा आहे, निवासी शाळेचा नाही. दोन गोष्टी एकत्र कालवू नका.

हिरवी_मिरची

मला रामलेकर ताईंचं बरंचसं पटतं, पण एक गोष्ट कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. "मोठ्यांचा अधिकार" म्हणताना तो कुणावर चालायचा तेही बघा. गावाकडे पाळीच्या दिवसांत बाई वस्तीच्या कडेला वेगळ्या झोपडीत राहायची. बाळंतपणानंतर मुलगा झाला तर ४० दिवस, मुलगी झाली तर ८०. मुलींची लग्नं लहान वयात. माझ्या आजीने चार दिवस बाहेर बसण्याची रीत आयुष्यभर पाळली. ती मोडली ती माझ्या आईने, घरात रणकंदन करून. तिला बाहेरून एखाद्या कायद्याचा, शाळेचा आधार असता तर ते भांडण सोपं गेलं असतं. इस्रायलच्या फ्लॅटमध्ये झोपडीला जागाच नव्हती, हे किती बायकांना सुटल्यासारखं वाटलं असेल! रीत म्हटली की ती जपलीच पाहिजे असं मला वाटत नाही.

रामलेकर

हिरवी मिरची, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. माझ्या शेजारणीशी मी यावर बोलले आहे. तिचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. ती म्हणाली, लहान लग्न नको होतं, ते गेलं ते बरंच झालं. पण झोपडीचं तिचं मत वेगळं. ते दिवस बायकांचे असायचे: शेतात जायचं नाही, पाणी भरायचं नाही, जेवण बाहेर आणून द्यायचं, चार बायका एकत्र बसून सूतकताई करायच्या. इथे पहिल्या महिन्यांत ती नव्याने आलेल्यांसाठीच्या संक्रमण केंद्राच्या एका खोलीत नवरा-मुलांसकट राहायची आणि घर विटाळलं या धास्तीने रात्र जागून काढायची. तिच्या लेकीला मात्र झोपडीची कल्पनाही सहन होत नाही. दोघींचं खरं आहे. माझं म्हणणं एवढंच की हा निवाडा आईने आणि लेकीने करायचा होता, तुमच्या आईने केला तसा. त्यांच्या वतीने तो फ्लॅटच्या नकाशाने केला.

खवय्या

पण संस्कृती संपली कुठे? तेल अवीवला गेलो होतो तेव्हा इंजेरा खाल्ला. आपल्या आंबोळीसारखाच, तेफ या तिकडच्या धान्याच्या पिठाचा, आंबवलेला, वर जाळी पडलेली. दुकानात बर्बरे मसाला मिळतो. सिग्द हा त्यांचा सण २००८ पासून कायद्याने राष्ट्रीय सण आहे. मला तर हे स्वीकारल्याचं लक्षण वाटतं.

रामलेकर

खवय्या, इंजेरा टिकला याचा मलाही आनंद आहे. पण कॉफीचं सांगते, म्हणजे काय टिकलं नाही ते कळेल. त्यांच्याकडे कॉफी म्हणजे बुना. हिरव्या बिया धुवून तव्यावर भाजायच्या, धूर निघाला की तवा पाहुण्यांपुढून फिरवायचा, सगळ्यांनी वास घ्यायचा. मग कुटायचं, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळायचं, सोबत मक्याच्या लाह्या. एकाच पुडीवर तीन वाफा: अबोल, तोना, बेरेका. प्रत्येक वेळी कॉफी फिकी होत जाते. तिसऱ्या वाटीआधी उठणं बरं दिसत नाही. दोन तास सहज जातात, आणि ते दोन तासच महत्त्वाचे. कुणाच्या मुलाचं काय चाललंय, कुणाशी बोलणं तुटलंय, हे सगळं तिथे निघायचं आणि म्हातारी माणसं तिथेच मिटवायची.

शेजारीण पहाटे पाचच्या बसने कार्यालयं झाडायला जायची, दुपारी दुसरीकडे. तिच्या घरी जेबेना काचेच्या कपाटात उभी होती. आता शेजारीण निवृत्त झाल्यावर जेबेना पुन्हा चुलीवर चढली. मधल्या वीस वर्षांत मुलांचे तंटे कुणी मिटवले? समाजसेवा खात्यातल्या बाईंनी, हिब्रूत, धाकटीला दुभाषी करून. आजोबा बाजूच्या खोलीत बसून राहत. माझा आक्षेप इथे आहे.

रोखठोक_ठाणे

ताई, तुम्ही छान लिहिता, पण घरोघरच्या दोन तासांच्या कॉफीची हमी कुठलं सरकार देणार? माझा मूळ मुद्दा राहतोच. त्यांच्या पुरोहितांचंच घ्या, ज्यांना केस म्हणतात. त्यांची परंपरा जुन्या गीझ भाषेतल्या ओरीतवर, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथावर उभी; रब्बी ज्यावर चालतात तो तालमूद हा नियमग्रंथ त्यांच्याकडे नव्हता. इस्रायलमध्ये यहुदी विवाह रब्बींच्या नियमाने नोंदले जातात. केस मंडळींना सरसकट अधिकार दिला असता तर उद्या त्यांच्या मुलांच्या लग्नांवर शंका घेतल्या गेल्या असत्या. एकच नियम सगळ्यांना, यात नव्या माणसाचंच हित असतं.

रामलेकर

एकच नियम सगळ्यांना? मग आमचीच गोष्ट ऐका.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. पेण, रोहा, अलिबागची आडनावं घेऊन इथे आलो. १९६२ साली मुख्य रब्बीनेटने, म्हणजे रब्बींच्या सरकारी धर्मपीठाने, फर्मान काढलं की बेने इस्राएलशी लग्न लावताना त्यांच्या आई-आजीपर्यंतची वंशावळ तपासावी. हा नियम बाकीच्यांना नव्हता. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, १९६४ मध्ये क्नेसेटला (इस्रायलच्या संसदेला) ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, तेव्हा ते फर्मान मागे गेलं. माझे वडील त्या धरण्यात होते.

आता बेटा इस्राएल. १९७३ ला मान्यता मिळाली, मैलोगणिक माणसं पुरून ते इथे पोचले, आणि रब्बीनेटने लग्नाआधी शुद्धीसाठी स्नान करायला सांगितलं. शंका म्हणून. १९८५ साली ते रब्बीनेटसमोर महिनाभर बसले होते. ज्या माणसाने सबाथ पाळला म्हणून गावात शिव्या खाल्ल्या, त्याला सांगायचं की तुझं यहुदीपण आधी पाण्यात बुडवून आण! आणि १९९६ ला उघड झालं की रक्तपेढी त्यांचं रक्त घेत होती आणि गुपचूप फेकून देत होती. एड्सच्या भीतीने, सरसकट सगळ्यांचं. न सांगता. म्हणून म्हणते, आमच्या मंडळींनी तरी "दोष त्यांच्या घरांत" हे वाक्य उच्चारायला नको होतं.

रोखठोक_ठाणे

रक्ताचा प्रकार संतापजनक होता, त्यावर दुमत नाही. पण बेने इस्राएलची तुलना मला मान्य नाही. तुमच्यातले पुष्कळ लोक मुंबईत राहिलेले, शाळेत गेलेले, रेल्वेत, पोस्टात, सैन्यात नोकऱ्या केलेले. अर्ज लिहिता येत होता, वकील गाठता येत होता. गोंदरच्या शेतकऱ्याला ते जमणार नव्हतं. म्हणूनच त्याच्या मुलाला लवकरात लवकर शिकवणं गरजेचं होतं. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने बोलतं.

पोटोमॅकच्या_काठी

वॉशिंग्टनजवळ राहतो, म्हणून दुसरी बाजू. इकडे, सिल्व्हर स्प्रिंग आणि अलेक्झांड्रिया भागात, इथिओपियन वस्ती खूप मोठी आहे, मुख्यतः ख्रिस्ती. १९७४ ला सम्राट हेले सेलासी यांची सत्ता उलथल्यावर लोक येऊ लागले. इथे कुणी त्यांची नावं बदलली नाहीत. आडनावाच्या रकान्यात बापाचं नाव येतं, त्यामुळे एकाच घरात नवराबायको आणि मुलं यांची 'आडनावं' वेगळी. शाळेतल्या बाई गोंधळतात, पण कुणाचं अडत नाही. वॉशिंग्टन शहराच्या २००४ च्या भाषा कायद्यामुळे सरकारी कागद आम्हारिक या इथिओपियाच्या भाषेतही मिळतात. माझ्या ओळखीचे एक टॅक्सीचालक गृहस्थ मुलाच्या शाळेच्या बैठकीला जातात तेव्हा शाळा दुभाषी देते. मुलगा बाहेर थांबतो. तेव्हा रोखठोक, "टाळता येत नाही" हे खरं नाही. निदान मुलाकडून दुभाषाचं काम काढून घेता येतं, आणि त्याला फार पैसा लागत नाही.

अर्थात इथे येणाऱ्यांत शिकलेले बरेच होते, आणि त्यांना एकदम दीड दिवसात कुणी आणलं नव्हतं, हेही खरं.

रोखठोक_ठाणे

शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंत म्हणून बरं. दुभाषाचा मुद्दा मात्र मान्य. तो व्हायला हवा होता. निवासी शाळांबद्दल माझं मत कायम: त्या नसत्या तर ती पिढी वाया गेली असती.

हिरवी_मिरची

निवासी शाळेत गेलेल्यांनाच विचारायला हवं. रामलेकर ताई, शेजारच्या मोठ्या मुलाचं काय म्हणणं आहे?

रामलेकर

तो आता पन्नाशीला आलाय, इलेक्ट्रिशियन आहे. शाळेविषयी राग नाही त्याला. हिब्रू, गणित, हाताचं काम, सगळं तिथलंच म्हणतो. पण आम्हारिक विसरला. वडिलांशी बोलायला आजही बहीण मध्ये लागते. गेल्या वर्षी त्याचं बायकोशी फार बिनसलं. आजोबांच्या हयातीभराचं काम तेच, लोकांचे संसार सावरायचं, आणि पोटच्या मुलाशी त्यांना चार वाक्यांपलीकडे बोलता येईना. शेवटी ते दुसऱ्या एका श्माग्लेला घेऊन गेले, ज्याला दोन्ही भाषा येतात. तीन बैठका झाल्या, बुना झाली, दोघं अजून एकत्र आहेत.

रोखठोक, शाळा हवीच होती. पण आठवड्याला चार तास आम्हारिक आणि महिन्यातून एकदा बापाला शाळेत बोलावणं, एवढं केलं असतं तर तो काय कमी इलेक्ट्रिशियन झाला असता?