उजनीत मरळीसाठी ल्युअर टाकतोय, लागतायत मात्र चिलापी आणि शिंगाळे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

उजनीच्या फुगवट्यावर, करमाळ्याच्या अंगाला, मी ल्युअरवर (खोट्या आमिषावर) मरळ धरतो. मच्छीमार संस्थेची रीतसर पावती घेऊनच बसतो. यंदा शिमगा झाल्यापासून मरळ राहिली बाजूला आणि ज्यांचा विचारही केला नव्हता असे मासे लागतायत. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

सामान असं: सात फुटी मीडियम रॉड, २० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे हातभर फ्लुरोकार्बनची दोरी. वेड्या बाभळीच्या बुडालेल्या झुडपांत पोकळ रबरी बेडूक. मोकळ्या पाण्यात ५ ग्रॅमच्या जिगहेडवर (वजन लावलेल्या गळावर) दोन इंची रबरी मासोळी, नाहीतर छोटा स्पिनर (फिरत्या पात्याचं ल्युअर).

सगळ्यात जास्त कोडं चिलापीचं आहे. ती शेवाळ, गाळातलं बारीकसारीक खाणारी. आमच्याकडे सगळे तिला पिठाच्या गोळीवर नाहीतर गांडुळावर धरतात. पण गुडघाभर पाण्यातून स्पिनर ओढला की जोरात धडक बसते. गळ कुठे लागतो तेही बघण्यासारखं आहे. मरळ बेडूक पार आत ओढते. चिलापीला गळ बहुतेक वेळा ओठाच्या बाहेरून किंवा हनुवटीखाली लागलेला असतो. कितीतरी धडका नुसत्याच बसतात, मासा लागतच नाही. लागलेले बहुतेक नर दिसतात: अंग काळं कुळकुळीत, गळा पांढरट, पंखांची कड लाल.

आणि धरणाचं पाणी उतरतंय तसे काठच्या ओल्या गाळात गोल खड्डे उघडे पडतायत. परातीएवढे, एकाला एक लागून, आत काडी-कचरा अजिबात नाही. हे चिलापीचंच काम ना?

शिंगाळे खोल पाण्यात लागतात, जुन्या नदीपात्राच्या कडेला, मासोळी तळाला टेकवत हळू ओढली की. शिंगाळा वासावर येतो असंच आजवर ऐकलंय, रबराला कसला वास? एक कटलाही आला, पण गळ कुशीत रुतलेला. कटला वरच्या थरातलं प्लवंग गाळून खातो, त्यामुळे तो योगायोग म्हणून सोडून देतो.

एक मासा मात्र ओळखता आला नाही. चपटा, रुपेरी, पाठीला बाक, पाठीच्या मध्यावर एकच इवलासा पंख आणि पोटाखालचा पंख थेट शेपटीपर्यंत सलग गेलेला. दिवेलागणीच्या वेळी स्पिनरवर आला. सोडून दिला.

मला जाणून घ्यायचंय ते हे: चिलापी भुकेने येते की घरटं राखायला? राखायला येत असेल तर तिथे ल्युअर टाकत राहणं बरोबर आहे का? आणि या दिवसांत मरळ नेमकी कुठे शोधावी?

प्रतिसाद

दादा, खड्डे चिलापीचेच. नर उथळ पाण्यात तळ उकरून खड्डा करतो आणि आत येईल त्याला हाकलतो. तुमचा स्पिनर त्याच्या अंगणातून जातो म्हणून धडक बसते, त्याला तो खायचा नसतो. बाहेरून लागलेला गळ हीच त्याची खूण. मादी अंडी तोंडात घेऊन बाजूला होते आणि तेवढे दिवस जवळपास उपाशी असते, म्हणून ती ल्युअरवर फारशी येत नाही.

धरायची की नाही, तर माझं मत स्पष्ट आहे. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, मोझांबिक चिलापी भारतात आली १९५२ मध्ये. उजनीत तिने आपल्या माशांची जागा किती खाल्ली ते भिगवणच्या मासळी बाजारात गेलं की दिसतं. घरी न्या, कालवण करा. जीव हळहळायचा तो शिंगाळ्यासाठी. त्याचाही नर तळाला खड्डा करून पिल्लं राखतो, पावसाच्या आधीच्या दिवसांत. आणि शिंगाळा मासे खाणारा आहे, नुसता वासावर येत नाही. हलणारी मासोळी दिसली की घेणारच. एकाच जागी लागोपाठ मोठे शिंगाळे लागले तर तिथून उठा. सोडताना पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा सांभाळा. काटा घुसला तर हात दिवसभर ठणकतो.

प्रतिसाद

तुम्ही वर्णन केलेला मासा नोटोप्टेरस. किडे, झिंगे, बारकी मासळी खातो आणि अंधार पडायच्या सुमाराला हिंडतो, म्हणून तुम्हाला दिवेलागणीला लागला.

मरळीबद्दल: उथळ मोकळा काठ सोडा. जिथे बाभळीचं झुडूप, पाणगवत आणि कमरेएवढं पाणी एकत्र मिळेल तिथे बेडूक टाका आणि मध्ये मध्ये थांबवा. मरळ हवा घ्यायला वर येते, तो बुडबुडा दिसला की त्याच्या थोडं पुढे टाका. एक कळकळीची विनंती: पाण्यावर लाल-केशरी पिल्लांचा घोळका दिसला तर त्यावर बेडूक टाकू नका. खाली आई-बाप असतात, ते हमखास झडप घालतात. ते गेले की बाकीचे मासे तासाभरात पिल्लं संपवतात.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तिहेरी गळ काढून स्पिनरला बिनअडीचा (उलटा काटा नसलेला) एकेरी गळ लावतोय, म्हणजे शिंगाळा पाण्यातच सोडता येईल. पिल्लांच्या घोळक्याचं संस्थेतल्या पोरांनाही सांगतो, तिथे हे बऱ्याच जणांना माहीत नाही. आता एकच विचारायचं राहिलं: शिंगाळ्याचे खड्डे किती खोलीवर असतात? होडीवरून ते ओळखायची काही खूण कुणाला माहीत असेल तर नक्की लिहा, म्हणजे ती जागा पाऊस सुरू होईपर्यंत टाळता येईल.