दुसऱ्या महायुद्धात जर्मन घरांतली चूल आणि लोकांचे मन : 1918 सारखा उठाव का झाला नाही?

प्रश्न : अजिंक्यतारा (सातारा)

माझे पणजोबा मराठा पलटणीतून इटलीच्या आघाडीवर जर्मनांशी लढले होते. त्यांच्याविषयी घरात पुष्कळ बोलले जाते, पण समोरच्या खंदकातल्या सैनिकाच्या घरची माणसे त्या वेळी काय खात होती, कशाला भीत होती, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात आमच्या वाचनमंडळात मला याच विषयावर बोलायचे आहे. 1918 मध्ये कीलच्या खलाशांनी बंड केले, उपासमारीने गांजलेली शहरे पेटली आणि 9 नोव्हेंबरला कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, पायउतार व्हावे लागले. मग स्टालिनग्राडला जर्मन सैन्याने शरणागती पत्करल्यावर आणि शहरांवर रोज बाँब पडत असताना 1943 मध्ये तसे काही का घडले नाही? केवळ दहशत हे कारण मला अपुरे वाटते.

उत्तर : कृष्णाकाठ (सांगली)

मी तीस वर्षे इतिहास शिकवला. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर 1916-17 च्या हिवाळ्यात आहे. त्या वर्षी बटाट्याचे पीक बुडाले, ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे बाहेरून धान्य येईना, आणि एरवी गुरांना घालायचा सलगमासारखा कंद माणसांना महिनोन्महिने खावा लागला. तो हिवाळा पुढे या कंदाच्याच नावाने ओळखला गेला. घरची भूक आघाडी मोडते, हा धडा नाझी नेत्यांनी त्यातून मनात पक्का धरला होता. म्हणूनच पोलंडवर हल्ला होण्याच्या चार दिवस आधी, 28 ऑगस्ट 1939 रोजी, शिधापत्रिका लागू झाल्या.

पुढचा भाग मंडळात सविस्तर सांगावा अशी माझी विनंती आहे. एप्रिल 1942 मध्ये सामान्य ग्राहकाचे आठवड्याचे मांस 400 ग्रॅमवरून 300 ग्रॅमवर आणले गेले, तेव्हा लोकांत इतकी कुरकुर झाली की जनमताचा कानोसा घेणाऱ्या सुरक्षा खात्याच्या गुप्त अहवालांत तिची ठळक नोंद झाली. त्यावर राजवटीने काढलेला उपाय म्हणजे पोलंड, युक्रेन, फ्रान्स अशा व्यापलेल्या मुलखांतून अधिक धान्य आणि जनावरे ओढून आणणे. ऑक्टोबरच्या आरंभी, सुगीच्या सणाच्या भाषणात, नाझी नेता गोअरिंग याने शिधा वाढवल्याची घोषणा केली. जर्मन घरातले ताट भरलेले राहिले, कारण दुसऱ्या कोणाचे तरी ते रिकामे केले होते. दहशतीचे म्हणाल, तर तीही खरीच. परकीय रेडिओ ऐकणे पहिल्या दिवसापासून गुन्हा होता, आणि म्युनिकमध्ये पत्रके वाटणारी सोफी आणि हान्स शोल ही भावंडे 18 फेब्रुवारी 1943 रोजी पकडली जाऊन चारच दिवसांत त्यांचा शिरच्छेद झाला.

उत्तर : तराजू (कराड)

सर, तुमचे म्हणणे मान्य आहे. मी स्वस्त धान्य दुकान चालवतो, म्हणून कार्डाच्या बाजूने थोडे सांगतो. जर्मनीत दर चार आठवड्यांनी नवी कार्डे मिळत. मांस, चरबी, पाव, साखर अशा प्रत्येक जिनसेचे कार्ड वेगळ्या रंगाचे, आणि त्यावर लहान लहान कुपने छापलेली. दुकानदार कात्रीने कुपन कापून घेई, दुकान बंद झाल्यावर ती सारी मोठ्या कागदावर चिकटवत बसे आणि ते कागद दाखवल्यावरच त्याला पुढचा माल मिळे. कपड्यांसाठी नोव्हेंबर 1939 पासून 100 गुणांचे वेगळे कार्ड होते.

पहिल्या महायुद्धात कार्ड होते, पण बहुतेकदा माल नव्हता. या वेळी कार्डावर छापलेले 1944 पर्यंत बहुतांशी मिळत राहिले. कोटा कमी आला तर गिऱ्हाईक चरफडते, पण समजून घेते. कार्डावर लिहिलेले दुकानात नसेल, तर मात्र त्याचा विश्वास उडतो. जर्मन लोकांचे मनोधैर्य टिकण्यात या विश्वासाचा वाटा मोठा असावा, असे मला माझ्या धंद्यावरून वाटते.

मात्र हे सर्वांसाठी नव्हते. ज्यूंच्या कार्डावर ‘जे’ हे अक्षर असे, बर्लिनमध्ये त्यांना दुपारी चार ते पाच एवढ्या एकाच तासात खरेदीची मुभा होती, आणि सप्टेंबर 1942 च्या आदेशाने त्यांचे मांस, अंडी व दूध बंद झाले. हे वाचताना मला फार त्रास झाला, कारण ते अक्षर पाहून रिकाम्या पिशवीने माणसाला परत पाठवणारा शेवटी माझ्यासारखा दुकानदारच होता.

उत्तर : यवतेश्वर (सातारा)

मी जर्मन शिकण्यासाठी दोन वर्षे हॅम्बुर्गमध्ये होते. माझ्या घरमालकीण आजी जुलै 1943 मध्ये सात वर्षांच्या होत्या. 27 जुलैच्या रात्री बाँबहल्ल्यामुळे त्यांच्या हाम भागात आगीचे वादळ उठले, तेव्हा आईने ओली चादर अंगावर टाकून त्यांना तळघरातून बाहेर ओढले. त्या आठवड्यात शहरातली चौतीस हजारांहून अधिक माणसे गेली आणि सुमारे नऊ लाखांनी शहर सोडले. पडक्या भिंतींवर लोक खडूने लिहून ठेवत, ‘आम्ही जिवंत आहोत’, आणि खाली नवा पत्ता. मोठ्या हल्ल्यानंतर खऱ्या कॉफीचा खास वाटा मिळे. एरवी भाजलेल्या जवाची कॉफी प्यायची. त्या कॉफीचा वास आजींना आगीच्या वासाबरोबरच आठवतो.

बाँबमुळे लोक सरकारवर उलटले नाहीत आणि सरकारच्या अधिक जवळही आले नाहीत. छप्पर, पाणी, आघाडीवरून आलेले पत्र यांपलीकडे पाहण्याची ताकदच उरली नव्हती, असे त्या सांगत.

त्यांच्या दिवाणखान्यात अक्रोडाचे एक जड कपाट होते. घर जळाल्यावर आईने ते लिलावात घेतले होते. हद्दपार केलेल्या ज्यूंचे सामान हॅम्बुर्गात उघडपणे लिलावात निघे आणि हजारो घरांत गेले. कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या, आणि त्या आजींच्या घरातल्या कोणाच्या नव्हत्या. आईला याविषयी कधी विचारले नाही, हे सांगताना त्यांचा आवाज फुटला होता.

अजिंक्यतारा (सातारा)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. ताई, आजींच्या आठवणीत भूक कधीची आहे?

यवतेश्वर (सातारा)

युद्धानंतरची. जर्मनीच्या ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भागात मार्च 1946 मध्ये शिधा दिवसाला जेमतेम एक हजार उष्मांकांवर आला, आणि पुढचा हिवाळा कडाक्याचा गेला. त्यामुळे ‘युद्धात निदान पोटभर मिळायचे’ असे त्या पिढीतले पुष्कळ लोक अगदी सहज बोलून जात.

तराजू (कराड)

त्या वाक्याशेजारी हे आकडे ठेवा. 1941 च्या डिसेंबरात सामान्य जर्मन ग्राहकाला आठवड्याला सव्वादोन किलो पाव मिळत होता. त्याच महिन्यात जर्मन सैन्याने वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये मुलांना आणि काम न करणाऱ्यांना दिवसाला 125 ग्रॅम मिळत होता. काल मी दुकानातल्या काट्यावर तेवढे वजन करून पाहिले. आपल्या लादीतले तीन पाव होतात. तिथला पाव मात्र भेसळीचा आणि ओलसर, जड होता, त्यामुळे तुकडा याहून पुष्कळ लहान दिसत असणार. आपल्या कार्यक्रमाला मी काटा घेऊन येईन.