स्पीड टेस्टला ९४ दाखवतंय, फाईल मात्र २६० केबीनंच उतरायलीय

माळवदवाला, अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. माझा फोटो स्टुडिओ आहे, वय अठ्ठावन्न. कॉम्प्युटर पोटासाठी शिकलो, हौसेनं नाही, तेव्हा उत्तर जरा उलगडून द्या.

घरात फायबर येऊन सहा महिने झाले, प्लॅन १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट, फाईलीच्या भाषेत साधारण १२ एमबी). पेटीजवळ मोबाईल धरून स्पीड टेस्ट केली की ९४. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला थेट वायर लावलीय, त्यावरही ९४. यूट्यूब मोठ्यातल्या मोठ्या चित्रात धावतं, चक्री म्हणून फिरत नाही. मग दुखणं काय? लग्नाच्या अल्बमची डिझाईनं मी अमेरिकेतल्या एका साईटवरून विकत घेतो. एकेक फाईल दोन जीबीची. ती उतरते सेकंदाला २६० केबीनं. सकाळी सहाला लावा, रात्री दोनला लावा, २६० म्हणजे २६०. एका फाईलीला सव्वादोन तास. लग्नसराई तोंडावर आलीय आणि मी पट्टी सरकायची वाट बघत बसलोय.

नेटवाल्याचा पोरगा दोनदा येऊन गेला. स्पीड टेस्ट दाखवून म्हणला, काका लाईन ओके आहे. चहा पिऊन गेला. त्याचं तरी काय चुकलं, लाईन ओकेच आहे.

आता सेटिंगचं सांगतो. माझ्याकडं एक जुनी वही आहे. २००६ साली २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड घेतलं तेव्हापासून जी जी सेटिंग कामाला आली ती त्यात लिहून ठेवलीय. विंडोज एक्सपीची वेगळी पानं, विंडोज विस्टाची वेगळी. नवीन मशीन आलं की वहीतल्या ओळी एकदा मारून घेतो, तशा याही मशीनला मारल्या (विंडोज १० आहे). विंडोज २० टक्के वेग स्वतःसाठी राखून ठेवतं म्हणतात, तेही शून्यावर आणलं. म्हणजे माझ्याकडून कमी काही ठेवलेलं नाही. अजून कुठली सेटिंग राहिली?

गेमर_परभणी

काका डीएनएस १.१.१.१ टाका आणि राऊटर बंद-चालू करा. माझं तर लै फास्ट झालं.

माळवदवाला, अंबाजोगाई

टाकलं. २६०.

तारवाला_लातूर

मामा, डीएनएस म्हणजे नुसता पत्ता विचारणं. पानपट्टीवाल्यानं पत्ता झटक्यात सांगितला म्हणून एसटी लवकर पोचत नसती. पान उघडायला लागणारा पहिला क्षण तेवढा वाचतो. फाईल उतरण्याशी त्याचा संबंध नाही.

ते २० टक्क्यांचंबी सोडून द्या. एखाद्या प्रोग्रामनं हक्कानं मागितलं तरच ते राखीव लागतं, नाहीतर तो वेग मोकळाच असतो. वीस वर्षं झाली, ती गोष्ट लोक अजून एकमेकाला सांगायलेत.

मी लातूरला नेटवर्किंगचं काम करतो, दुकानं, क्लासेस, दवाखाने. तुमच्या लिहिण्यात मला दोन गोष्टी खटकल्या. एक, आकडा हलत नाही. लाईनीचं दुखणं असलं तर काटा नाचतो, संध्याकाळी पडतो, पहाटे चढतो. दिवसरात्र एकाच आकड्यावर खिळला म्हणजे कोणीतरी दावं बांधलंय. दुसरी, यूट्यूब जोरात आणि फाईल मेलेली. एवढं करून सांगा:

दोन फाईली एकदम लावा. प्रत्येकीला १३० येतंय का २६०?
त्या साईटला पिंग मारून (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) किती मिलिसेकंद येतंय ते बघा.
आणि वहीतलं विस्टाचं पान इथं लिहून काढा. मला त्याच्यावर संशय आहे.

माळवदवाला, अंबाजोगाई

दोन लावल्या, दोन्हींना २६०. नवलच वाटलं म्हणून चार लावल्या, चारी २६०! मिळून एक एमबीच्या वर. म्हणजे वेग आहे, पण एका फाईलीला तो मिळत नाही.

पिंग २५०, एखादवेळी २५२.

विस्टाचं पान: वर तारीख मार्च २००९. खाली लाल पेनानं, चांदणी काढून, "नेटएसएच इंट टीसीपी सेट ग्लोबल ऑटोट्यूनिंगलेव्हल=डिसेबल्ड". पुढं माझ्याच अक्षरात, "मॉडेम अडकत होता, हे मारल्यावर सुटला." हे अगदी खरं आहे बरं का. तेव्हा नवा लॅपटॉप घेतला होता आणि अर्धी पानं उघडतच नव्हती. या एका ओळीनं सगळं मार्गी लागलं होतं. म्हणून चांदणी.

तारवाला_लातूर

सापडलं. चांदणीवालीच ओळ.

सविस्तर सांगतो, कारण तुम्ही लिहून ठेवणारे माणूस आहात.

समोरचं मशीन फाईल एका दमात पाठवत नाही. थोडा माल पाठवतं, आपल्याकडून पोहोच जाईस्तोवर थांबतं, मग पुढचा पाठवतं. पोहोच न येता किती माल वाटेत असू द्यायचा, हे आपलं मशीन त्याला सांगत असतं. त्याला रिसीव्ह विंडो म्हणतात. विस्टापासून विंडोज हा आकडा आपोआप वाढवतं, अंतर लांबचं असलं की मोठा करतं. ते म्हणजे ऑटोट्यूनिंग. २००९ च्या बऱ्याच जुन्या मॉडेम-राऊटरला ही वाढीव विंडो समजत नव्हती, पानं अडकायची, म्हणून तुमची ओळ तेव्हा बरोबर होती. पण ती बंद केली की विंडो ६५,५३५ बाईटवर खिळती, म्हणजे ६४ केबी.

आता हिशेब करा. ६५,५३५ बाईट, जाऊन-येऊन पाव सेकंद. पाव सेकंदाला एक खेप, सेकंदाला चार खेपा. ६५,५३५ गुणिले ४ म्हणजे २,६२,१४०. तुमचे २६० केबी! लाईन १०० ची घ्या नाहीतर १००० ची, आकडा हाच राहणार.

लातूरच्या माणसाला हे लवकर कळतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आमच्यासाठी पाण्याची रेल्वे आली होती. १२ एप्रिलला पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. स्टेशनात हारतुरे झाले, पण एवढ्या मोठ्या गावाला ते कुठं पुरणार? पुढं पन्नास वाघिणींची गाडी लावली, खेपेला पंचवीस लाख लिटर. रूळ तेच, मिरज तेवढंच लांब. वाघिणी वाढल्या म्हणून पाणी वाढलं. तुमचे रूळ १०० चे आहेत मामा, पण गाडीला वाघिणी दहाच जोडल्यात. वहीत लिहिलंय म्हणून.

मुंबईचा सर्व्हर असता तर जाणंयेणं २० मिलिसेकंदांचं, तिथं हीच विंडो तीन एमबीच्या वर देती, म्हणून जवळच्या साईटवर तुम्हाला काही जाणवलं नाही. स्पीड टेस्टचा सर्व्हर तर जवळचा असतोच, वर ती एकदम कितीतरी जोडण्या उघडती, तुम्ही चार फाईली लावल्या तशा. त्यामुळं तिथं ९४. आणि तुमची फाईल टीसीपी नावाच्या पद्धतीनं उतरती, यूट्यूब मात्र क्रोममध्ये सहसा टीसीपीवरून चालत नाही, ते क्विक नावाच्या दुसऱ्या पद्धतीनं जातं. त्याची विंडो वेगळी, विंडोजच्या या सेटिंगला ते विचारत नाही.

उपाय: कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी "नेटएसएच इंट टीसीपी शो ग्लोबल" (उच्चार लिहिलाय, टाईप इंग्रजीत करा). रिसीव्ह विंडो ऑटो-ट्यूनिंग लेव्हलपुढं डिसेबल्ड दिसंल. मग तुमचीच ओळ, शेवटी डिसेबल्डच्या जागी नॉर्मल. ब्राऊझर बंद करून उघडा आणि फाईल लावा.

लॅबवाली_नांदेड

तारवाला दादांचं बरोबर आहे, पण काका, वहीतल्या बाकीच्या ओळीही तपासा. एमटीयू (एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाईट जातील तो आकडा) बदललाय का? डायलअपच्या काळात ५७६ ठेवा म्हणून सांगायचे, ते जर राहिलं असेल तर तेही काढा. फायबरवर पेटी पीपीपीओईनं (नाव-पासवर्ड देऊन जोडायची पद्धत) लॉगिन होत असेल तर १५०० मधले ८ बाईट त्यात जातात, उरतात १४९२. बघायचं असेल तर पिंगला "वजा एफ, वजा एल १४६४" लावा. १४६४ अधिक २८ बाईटची हेडरं (पाकिटावरचा पत्ता वगैरे), झाले १४९२. ते गेलं आणि १४६५ अडकलं, तर १४९२ बरोबर. राऊटर हे स्वतःच सांभाळतो, विंडोजमध्ये आकडा घालायची गरजच नसते.

खिळलेल्या आकड्याचा माझाही एक किस्सा. घरी २०० चा प्लॅन घेतला आणि वायरवर ९४ च्या वर जाईना. मी रोज पोरांना नेटवर्किंग शिकवते, आणि स्वतःच्या घरी आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसले. शेवटी लिंक स्पीड (कॉम्प्युटर आणि पेटी वायरीवर किती वेगानं जोडलेत तो आकडा) बघितला तर १००! केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला (म्हणजे १००० ला) आठही लागतात, १०० ला चारच पुरतात, पिना १, २, ३ आणि ६. धान्याच्या कोठीमागं उंदरानं नेमकी तपकिरी कुरतडली होती. त्या चारांबाहेरची एक तार गेली तर जोडणी तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरते. हेडरं वगैरे जाऊन हातात ९४ च्या आसपास पडतात. काकांचा प्लॅनच १०० चा आहे म्हणून त्यांच्या ९४ ला दोष नाही, पण पुढं प्लॅन वाढवलात तर लिंक स्पीड आधी बघा.

गेमर_परभणी

मी पण यूट्यूब बघून हीच कमांड मारली होती 😅 "पिंग कमी होतं" म्हणून. शो ग्लोबल बघितलं, डिसेबल्डच. गुपचूप नॉर्मल केलं.

माळवदवाला, अंबाजोगाई

मंडळी, झालं!

रात्री साडेनऊला लाईट आली (दोन तास गेली होती), तशीच कमांड मारली. पहिल्यांदा स्पेलिंग चुकलं, दुसऱ्यांदा "ओके" आलं. फाईल लावली. पट्टी सुरू झाली आणि ४०० केबी, १ एमबी, ४, ७... मी हिला हाक मारली. ही म्हणली, काय झालं, कॉम्प्युटर जळला का? ८ वर गेला, ६ वर आला, ९ ला टेकला. तारवाले म्हणले तसा काटा नाचायलाय! दोन जीबी साडेचार-पाच मिनिटांत उतरली. ह्यासाठी मी सहा महिने रात्री जागवल्या.

ताई, एमटीयूची ओळ होती वहीत, ५७६ नाही, १४००. कुठून लिहून घेतली ते आठवत नाही. काढून टाकली.

चांदणीवाली ओळ मात्र खोडली नाही. तिच्या पुढं लिहिलं: "फक्त त्या मॉडेमसाठी. मॉडेम भंगारात गेला." हे तेव्हाच लिहायला पाहिजे होतं.

आता दुसरं दुखणं. घर जुनं आहे, पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, मागं माळवद (मातीचं सपाट छत). भिंती दगड आणि पांढऱ्या मातीच्या, दीड हात रुंद. पेटी पुढच्या खोलीत खिडकीपाशी. मागच्या खोलीत सुनेची मीटिंग असते तेव्हा ५ गिगाहर्ट्झवालं वायफाय दिसतसुद्धा नाही, २.४ वालं दोन काड्या देतं आणि दुपारी कूलर लावला की तेही जातं. इथंबी सेटिंग आहे का काही?

तारवाला_लातूर

दीड हात पांढऱ्या मातीच्या भिंतीला सेटिंग नसती मामा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीला लवकर हार जातं, २.४ जरा चिवट. तुमचा कूलर लोखंडी पत्र्याचा असणार आणि पेटी त्याच खिडकीत, त्याच्या आड. पत्र्यातून सिग्नल जात नाही, टाकीतल्या पाण्यातूनही फारसा नाही. लावला की म्हणजे उचलून खिडकीत बसवला की, बरोबर? पेटी तिथून हलवून उंचावर घ्या. फायबरची वायर मात्र दुमडू नका, आत काच आहे. २.४ चा चॅनल ऑटोवरून काढून १, ६, ११ मधला शेजाऱ्यापाजाऱ्यांचा कमी असलेला ठेवा, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ.

एवढ्यानं मीटिंग कशीबशी चालंल. खरा इलाज म्हणजे मागच्या खोलीत दुसरा राऊटर, ॲक्सेस पॉइंट म्हणून (वायरीतनं आलेलं नेट तिथं वायफायनं वाटणारा), आणि त्याला वायर. रिपीटर नको. तो त्याच दोन काड्या पुढं ढकलतो.

माळवदवाला, अंबाजोगाई

वायर माळवदाच्या साण्यातून (छतातल्या उजेडाच्या भोकातून) खाली घेता येईल, भिंत फोडायला नको. वरून जाईल, ऊन-पाऊस दोन्ही लागेल. मोजलं, तीस मीटर भरतंय. चालंल?

तारवाला_लातूर

शंभर मीटरपर्यंत काळजी नाही. कॅट ६ घ्या, बाहेरची काळ्या कव्हरची. वरून पीव्हीसी पाईपात घाला आणि साण्याच्या आधी वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरात न येता झोलाला येऊन टपकंल. वळवात विजा लै पडतात तुमच्याकडं डोंगरावर, आभाळ दाटलं की वरची वायर दोन्हीकडून काढून ठेवत जा.

आणि दुकानदार स्वस्तातली दाखवंल, ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असती. घ्यायच्या आधी टोक सोलून एक तार चाकूनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर तिथंच परत द्या.