अनुभव धागा: पुस्तक अडलं तेव्हा कुणी हात दिला?

नमस्कार मंडळी. जुन्या नाशकातल्या तांबट आळीवर गेली सहा वर्षं पुस्तक लिहितोय. आजोबा तांबट. घंगाळं, बंब, हंडे घडवण्यात त्यांचा जन्म गेला. माझी दहा प्रकरणं झाली, अकराव्याला गाडी रुतली ती रुतलीच. दर २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छा फिरतात आणि मी ठरवतो, यंदा संपवायचंच. मग मे येतो. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसतो, व्यासपीठावरच्या माणसाची किती पुस्तकं झालीत ते ऐकतो आणि घरी येऊन झोपतो. बायको हल्ली विचारतही नाही. ते जास्त लागतं.

तुमचंही असं कधी अडलं होतं का? कुणी, नेमकं काय केलं म्हणून पुढं सरकलं? 'जिद्द ठेवा' छापाचे प्रतिसाद नकोत, ते माझ्याकडे मुबलक आहेत.

पासवाला
चौदा वर्षं पंचवटी एक्सप्रेसनं नाशिकरोड-मुंबई अपडाऊन केलं. मोबाईलवर रहस्यकादंबरी टाइप करायचो. एकदा शेजाऱ्यानं डोकावून वाचलं आणि झालं! दुसऱ्या दिवसापासून आसपासचे सगळे विचारायला लागले, "खून झाला का?" कसाऱ्याच्या घाटात रेंज जायची, तीच माझी लिहायची वेळ. एक काका ३१ मार्चला रिटायर होणार होते. त्यांनी बजावलं, "माझा पास संपायच्या आत खुनी सापडला पाहिजे." ३० तारखेला सापडला. घाईत पकडल्यामुळं माणूस चुकीचा निघाला, दुसऱ्या खर्ड्यात बदलावा लागला. काकांना अजून सांगितलेलं नाही.

बागाईतदार, निफाड
आमची द्राक्षबाग. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की माल निघेपर्यंत मान वर करायला सवड नाही. डावणी रोगाच्या धाकानं फवारण्या, मग विरळणी, मग व्यापाऱ्याची वाट. एप्रिलात पुन्हा खरड छाटणी. म्हणून माझं लिखाण फक्त पावसाळ्यातलं. कादंबरी आजीवर आहे. तीन पावसाळ्यांत साठ पानं झाली आणि थांबली.

आत्या माहेरी आली होती. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून ओसरीवर बसून वाचून दाखवलं. वाटलं, डोळे पुसेल. ती म्हणाली, "मोटेला दोनच बैल होते, तू चार लावले. आन् तुझी आजी एवढं बोलत नव्हती रे." चिडून उठलो. पण रात्री वही उघडली आणि आजीच्या तोंडचे संवाद खोडत गेलो. ती गप्प झाली तशी घरातली बाकीची माणसं बोलायला लागली! कादंबरी तिथून चालली. त्यानंतर आत्या दर पावसाळ्यात विचारायची, "आजी कुठवर आली?" एका साली अवकाळीत बाग गेली, तेव्हा ती न विचारता परत गेली. तुमच्या घरचं न विचारणं म्हणूनच कळलं. त्यात राग नसतो, दादा. माणूस जपत असतं आपल्याला.

स्पष्टवक्ती
माझा अनुभव उलटा आहे. मैत्रिणींना दोन प्रकरणं पाठवली, सगळ्यांनी "अप्रतिम" म्हटलं. पुस्तक झाल्याचा आनंद तेवढ्यातच मिळून गेला आणि दोन वर्षं पेन उचललं नाही. शेवटी सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आमच्या नाशिकच्या 'सावाना'त, जायला लागले. सावाना १८४० सालचं, माझी दोन वर्षं तिथं किस झाड की पत्ती. समोर एक आजोबा काहीतरी लिहीत बसायचे. आम्ही एकमेकांचं एक अक्षर वाचलं नाही. मी एक दिवस चुकवला की दुसऱ्या दिवशी चष्म्यावरून बघायचे, एवढंच.

मिसळपाव नको
पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. मला कुणा माणसानं नाही, अर्जाच्या शेवटच्या तारखेनं लिहायला लावलं.

कळशी
मी लेखिका नाही, फक्त विचारते. आमच्या हंड्यावर पणजीचं नाव आहे, टिंबाटिंबांनी घातलेलं. त्यातला 'र' उलटा पडलाय. तुमचे आजोबा नावं घालायचे का? पैसे अक्षराला घ्यायचे की भांड्याला?

धागाकर्ता
कळशीताई, आजोबा नावं घालत नसत. त्यासाठी दुकानाच्या पायरीवर एक वेगळा माणूस छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा. दहा प्रकरणांत त्याच्यावर माझी एक ओळ नाही! काल चुलत्यांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, पैसे अक्षराला. म्हणून गरीब घरची माणसं आडनाव घालत नसत. लग्नसराईत त्याच्यापुढं रांग असायची.

आल्या आल्या बायकोला म्हटलं, माळ्यावरचा हंडा काढायचाय. ती म्हणाली, "कशाला?" सांगत बसलो तर रात्रीचा एक वाजला.

सध्या अकराव्या प्रकरणाच्या तिसऱ्या पानावर आहे. उलट्या 'र'चा फोटो मिळेल का?